दुखणे अंगावर काढू नका : खासगी रुग्णालयातील नव्या परिचारिकेसाठी आजारपणाच्या रजेची माहिती

परिचर्येच्या तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चादर बदलण्यापासून रक्त चढवताना घ्यायच्या काळजीपर्यंत सगळे शिकवले जाते. परंतु स्वतः तापाने फणफणत असताना इन्चार्ज सिस्टरांना फोन करून ‘आज मी ड्युटीला येऊ शकत नाही’ एवढे एक वाक्य कसे बोलावे, हे कोणी शिकवत नाही. मी गेली अकरा वर्षे पुण्यातील खासगी रुग्णालयांत काम करते आहे. पहिली जवळजवळ दोन वर्षे मी आजारपणासाठी एकही दिवस रजा घेतली नव्हती आणि त्याचा मला अभिमान वाटत असे. तो अभिमान एका रात्रीत उतरला.

पावसाळ्याचे दिवस होते. अंगात १०२ ताप असताना पॅरासिटामॉलची गोळी घेऊन मी नाईटला आले होते, कारण वॉर्डातील एक सिस्टर लग्नाच्या रजेवर होती आणि मी आले नसते तर इव्हिनिंगच्या मैत्रिणीला सलग डबल ड्युटी करावी लागली असती. रात्री दहाच्या सुमारास एका मधुमेही आजोबांना २० युनिट इन्सुलिन द्यायचे होते. त्यांनी घरून आणलेली बाटली एका मिलिलिटरला १०० युनिटची होती, आणि मी हातात घेतलेली सिरिंज लाल टोपीची, म्हणजे ४० युनिटच्या बाटलीसाठीची होती. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत औषध भरले की १०० च्या बाटलीतून प्रत्यक्षात ५० युनिट येतात. मी भरलेही होते. इन्सुलिन दुसऱ्या व्यक्तीला दाखवूनच द्यायचे असा आमच्याकडे नियम होता, म्हणून मी ट्रे पुढे केला, आणि माझ्यापेक्षा वयाने लहान असलेली सिस्टर हळूच म्हणाली, “सिस्टर, टोपी लाल आहे.” आजोबा झोपेत होते. त्यांना यातले काहीच कळले नाही, पण माझे हात पहाटेपर्यंत थरथरत होते आणि ते केवळ तापाने नव्हते.

खासगी रुग्णालयात पहिली नोकरी धरलेल्या सिस्टर आणि ब्रदर या दोघांसाठी हा लेख आहे. शासकीय रुग्णालयातील परिचारिकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू असतात आणि त्यांची पद्धत वेगळी असते, म्हणून तो भाग येथे घेतलेला नाही.

१. आधी मनातील अपराधीपणाचा हिशेब मांडा

कागदपत्रांच्या आधी हे सांगते, कारण बहुतेक जणी नियम माहीत नसल्यामुळे अडत नाहीत, मन तयार होत नाही म्हणून अडतात. ‘मी गेले नाही तर वॉर्डाचे कसे होईल’ हा विचार एकच वाटतो, पण नीट पाहिले तर त्यात वेगवेगळ्या माणसांबद्दलची वेगवेगळी ओझी एकत्र बांधलेली असतात, आणि ती सोडवून पाहिली की त्यातील काही आपली नसतातच असे लक्षात येते.

पहिले ओझे रुग्णाचे. आपण नसलो तर रुग्णाची आबाळ होईल असे वाटते. पण तापलेल्या डोक्याने औषध काढणारी, खोकत ड्रेसिंग करणारी परिचारिका त्या रुग्णाला काय देते, याचा विचार करा. केमोथेरपी चालू असलेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा काचेच्या पेटीत ठेवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तुमचा साधा सर्दी-ताप साधा राहत नाही. या बाबतीत घरी थांबणे हेच रुग्णासाठी केलेले काम आहे, आणि येथे अपराधीपणाला मला मुळीच जागा दिसत नाही.

दुसरे ओझे मैत्रिणीचे, आणि ते खरे आहे. तुमच्या जागी कोणालातरी डबल करावी लागते, तिचे मूल घरी वाट पाहत असते, तिची शेवटची बस चुकते. ही टोचणी मनातून काढून टाका असे मी सांगणार नाही. पण तिला खरी मदत कशाने होते ते पाहा. पहाटे साडेपाचला कळवले तर इन्चार्जना दुसऱ्या वॉर्डातून माणूस मागवायला दोन तास मिळतात. पावणेआठला कळवले तर जी समोर उभी आहे तिलाच थांबावे लागते. लवकर केलेला फोन आणि नीट दिलेली ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणे, एवढेच तिचे ओझे कमी करते. तुम्ही तापात येऊन दुपारी बारा वाजता ड्युटीरूममध्ये आडव्या झालात, तर तिला तुमचे रुग्णही पाहावे लागतात आणि तुम्हालाही.

तिसरे ओझे मनुष्यबळाचे, आणि हे तुमचे नाही. परिचारिका किती असाव्यात याचे निकष भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले आहेत, आणि त्यांत खाटांच्या प्रमाणात संख्या काढून झाल्यावर त्यावर सुमारे ३० टक्के रजा राखीव धरलेली असते. याचा अर्थ असा की माणसे आजारी पडणार, बाळंतपणाला जाणार, घरी कार्य असणार, हे हिशेब करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेले आहे. एक जण न आल्याने वॉर्ड कोलमडत असेल, तर रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, आधीपासूनच अपुऱ्या माणसांवर उभे होते. ती उणीव तुमच्या तापाने फक्त उघडी पडली. हे वाक्य मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

आणि शेवटचे ओझे घरचे. आपल्याकडे दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईचे कौतुक होते. माझी आई तापातही चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत असे, आणि ‘तिने कधी अंथरूण धरले नाही’ असे तिच्याबद्दल आजही अभिमानाने बोलले जाते. आपण तेच पाहत मोठे झालो, त्यामुळे दिवसाढवळ्या पलंगावर पडून राहणे आपल्याला चोरीसारखे वाटते. तिला विसावा द्यायला घरात कोणी नव्हते, म्हणून ती उठत होती. तुम्हाला कायद्याने मिळालेली रजा आहे.

२. बरे असतानाच ही तयारी करून ठेवा

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच मनुष्यबळ विभागाकडून रजेचे नियम लेखी मागून घ्या आणि नेमणूकपत्रातील रजेचा परिच्छेद शांतपणे वाचा. महाराष्ट्रात खासगी रुग्णालये २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या व्याख्येत येतात. त्यानुसार कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती तिमाहीगणिक खात्यात जमा होते आणि वर्षअखेर वापरली नाही तर संपते. वर्षात २४० दिवस काम भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते व ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही, हे नव्या मुलींना धक्कादायक वाटते. ती असेल तर तुमच्या रुग्णालयाच्या नियमांत असेल, म्हणून ते नियम पाहणे महत्त्वाचे आहे.

त्यानंतर पगारपत्रक उघडा आणि कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयसीची कपात होते का ते पाहा. दरमहा वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ही योजना लागू होते, आणि पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम तुमच्याकडून व ३.२५ टक्के रक्कम मालकाकडून भरली जाते. २०,००० पगारावर तुमचे १५० रुपये कापले जातात. पहिल्या नोकरीतील बहुतेक परिचारिका या मर्यादेत असतात आणि तरीही त्या दीडशे रुपयांच्या मोबदल्यात काय मिळते हे त्यांना ठाऊक नसते.

एका फोल्डरमध्ये पुढील कागद ठेवा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्येही असू द्या:

- नेमणूकपत्र आणि रजेच्या नियमांची प्रत
- मागील सहा महिन्यांची पगारपत्रके
- ईएसआयसीचे ई-पहचान कार्ड, त्यावरील विमा क्रमांक, आणि जवळच्या ईएसआय दवाखान्याचा पत्ता व वेळ
- आधार कार्ड आणि बँक पासबुकाचे पहिले पान
- हिपॅटायटिस बी व इतर लसीकरणाची नोंद
- इन्चार्ज सिस्टर, मेट्रन (मुख्य परिचारिका) कार्यालय आणि रात्रीच्या सुपरवायझरचे दूरध्वनी क्रमांक

शेवटचे क्रमांक कागदावर लिहून ठेवायला सांगते, कारण तापाच्या रात्री मोबाइलची बॅटरी संपलेली असण्याचा अनुभव मी घेतला आहे.

३. जायचे की थांबायचे, हे ठरवा

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हीच लक्षणे घेऊन रुग्णाचा एखादा नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा असता, तर मी त्याला आत सोडले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर विषय संपला.

याला थोडी मोजमापेही आहेत. ताप असेल तर ताप उतरवणारी गोळी न घेता २४ तास ताप नसावा, तोवर वॉर्डात जाऊ नये. जुलाब-उलट्या असतील तर शेवटच्या जुलाबापासून किंवा उलटीपासून ४८ तास थांबावे, कारण आपण रुग्णांना अन्न-औषध हाताने देतो. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत बाहेर राहावे. डोळे आल्यास लाली आणि स्राव ओसरू द्यावा. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ किती झपाट्याने पसरली, हे पुण्याच्या लोकांना आठवत असेल. हाताला पू झालेली जखम असेल तर निदान रुग्णाला हात लागणाऱ्या कामातून सुट्टी मागावी. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर रजेचा विचार नंतर, आधी थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोग आपल्या व्यवसायात सोबत वावरतो.

येथील सर्वांत मोठा सापळा म्हणजे पॅरासिटामॉल. गोळी घेतल्यावर थर्मामीटर साधा आकडा दाखवते आणि आपण बरे झालो असे वाटते. पण संसर्ग तसाच असतो आणि डोकेही तितकेच जड असते. त्याच्या जोडीला ड्युटीरूममध्ये सहकाऱ्याकडून सलाईन लावून घेणे आणि वॉर्डाच्या साठ्यातून दोन अँटिबायोटिक उचलणे आलेच. हे आपण सगळ्यांनी केले आहे. तरीही ते करू नका. निदान न होता औषध सुरू होते, तपासणीचे निकाल बिघडतात, कोठेही नोंद राहत नाही, आणि साठ्याची मोजणी चुकली तर उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

जे थर्मामीटरवर दिसत नाही तेही आजारपणच असते. सलग नाईटनंतर आलेली चक्कर, रुग्ण उचलताना भरलेली कंबर, अर्धशिशी, किंवा महिनाभर जपलेले लहान मूल गेल्यावर वॉर्डाच्या पायऱ्या चढताना पोटात येणारा गोळा, यांपैकी कोणत्याही कारणाने हातून काम नीट होणार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. गर्भपात झाला असेल, तर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. एक मैत्रीण चौथ्या दिवशी कामावर हजर झाली होती, कारण तिला हे ठाऊकच नव्हते.

४. फोन करा, आणि मग संदेश पाठवा

ड्युटी सुरू होण्याच्या निदान दोन-तीन तास आधी कळवावे. रात्रीच त्रास सुरू झाला असेल तर ‘सकाळपर्यंत बरे वाटेल’ म्हणून वाट पाहू नका. रात्रीच्या सुपरवायझरला तेव्हाच सांगा. फोन स्वतः करा, आईला किंवा नवऱ्याला करायला लावू नका, आणि वॉर्डाच्या ग्रुपवर लिहून मोकळे होऊ नका. ग्रुपवरचा निरोप इन्चार्जनी पाहिला नाही, तर तुमची नोंद गैरहजर म्हणून होते.

फोनवर बोलताना सर्वांत अडचणीचे वाक्य असते ‘सिस्टर, थोडे बरे वाटत नाहीये’. हे ऐकल्यावर समोरून ‘दोन तास तरी ये, मग बघू’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे, कारण तुम्ही नकार दिलेलाच नसतो. पहिल्या वेळी मी असेच बोलले, दहा मिनिटे माफी मागितली, आणि शेवटी रिक्षाने कामावर गेले. आता मी आधी कागदावर लिहून मग फोन करते. फोन झाला की तेच शब्द संदेशाने पाठवते, म्हणजे वेळेची नोंद राहते:

“नमस्कार सिस्टर. मला काल रात्रीपासून १०२ ताप आणि उलट्या आहेत. आजच्या मॉर्निंग ड्युटीला मी येऊ शकत नाही. दहा वाजता डॉक्टरांना दाखवणार आहे. किती दिवस लागतील ते दुपारी एकपर्यंत कळवते. बेड ७ च्या रक्ताच्या रिपोर्टची चौकशी राहिली आहे आणि बेड ११ च्या नातेवाईकांना आज आहाराविषयी सांगायचे आहे, तेवढे ओव्हरमध्ये घ्यावे.”

यात लक्षण आहे, नकार आहे, पुढे कधी कळवणार ते आहे आणि रुग्णांची काळजी आहे. क्षमायाचना नाही, आणि तिची गरजही नाही. समोरून रागाचा शब्द आला तर वाद घालू नका. इन्चार्जही मेट्रनला उत्तर देणार असतात, आणि तो राग बहुतेक वेळा रोस्टरमधील मोकळ्या चौकटीचा असतो, तुमचा नसतो. ‘सिस्टर, अडचण होते आहे ते मला कळते, पण आज मी सुरक्षितपणे काम करू शकणार नाही’ एवढेच पुन्हा म्हणा.

अपराधीपणातून कबूल केलेली भरपाई हा या टप्प्यावरचा आणखी एक सापळा आहे. ‘पुढच्या आठवड्यात मी सलग चार नाईट करते’ असे तापात बोलून बसलेली मुलगी, अंगात ताकद नसताना त्या चार नाईट करते आणि पुन्हा आजारी पडते. बदली ड्युटीचे बोलणे बरे झाल्यावर करावे.

ड्युटी चालू असतानाच त्रास सुरू झाला, तर निघण्याआधी प्रत्येक रुग्णाची ओव्हर लेखी द्या, औषधाच्या कपाटाच्या चाव्या आणि नियंत्रित औषधांची मोजणी सही घेऊन सोपवा, आणि मगच बाहेर पडा. दहा मिनिटे लागतात. घरी गेल्यावर ‘ते राहिले का’ म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

५. डॉक्टरांना दाखवा आणि दाखला घ्या

आपल्या रुग्णालयातील ओळखीच्या सरांना जिन्यात गाठून औषध लिहून घेऊ नका. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढा आणि तपासून घ्या. दाखल्यावर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, तपासल्याची तारीख, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत विश्रांती हवी, आणि सही-शिक्का असावा. मागची तारीख घालून दाखला मागणे हा नव्या मुलींचा नेहमीचा घोटाळा असतो, कारण त्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जातात. तसा दाखला देणेही चूक आणि घेणेही. पहिल्याच दिवशी जा.

आजाराचे नाव सगळ्या वॉर्डाला सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. संसर्गजन्य आजार असेल तर मात्र इन्चार्ज आणि संसर्ग नियंत्रण सिस्टरांना तो स्पष्ट सांगावा, म्हणजे तुमच्या संपर्कातील रुग्णांकडे लक्ष ठेवता येते.

६. पैशाची बाजू सांभाळा

ईएसआयसीखाली असाल तर आजारपणाच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. २०,००० पगाराच्या मुलीसाठी ती दिवसाला साधारण ४६० ते ४७० रुपये होते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. नव्याने रुजू झालेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे की पहिल्यांदा विम्यात आल्यावर ही रोख रक्कम सुमारे नऊ महिन्यांनंतर सुरू होते. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात.

पहिल्या दोन दिवसांची रक्कम साधारणपणे मिळत नाही, आणि ज्या दिवसाचा पगार रुग्णालयाकडून मिळतो त्या दिवसाची रक्कम विम्यातून मिळत नाही. म्हणून पाच-सहा दिवसांचे दुखणे असेल तर पहिले दोन दिवस नैमित्तिक रजेत टाकून पुढचे दिवस विम्यावर घेणे सोयीचे पडते. यासाठी ईएसआय दवाखान्यातच दाखवून तेथील दाखला घ्यावा लागतो; बाहेरच्या डॉक्टरांचा दाखला तेथे आपोआप चालत नाही. रांग असते आणि तापात ती नकोशी वाटते, म्हणून कोणाला तरी सोबत न्या. कामावर परतण्याआधी तेथूनच अखेरचा दाखला घेऊन दावा दाखल केला की रक्कम बँक खात्यात जमा होते. क्षयरोगासारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत साहाय्य मिळते. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या अटी आहेत. आजारपणाची ही रक्कम घेत असलेल्या काळात मालकाला तुम्हाला काढून टाकता किंवा शिक्षा करता येत नाही.

विमा लागू नसेल आणि रजाही शिल्लक नसेल, तर ‘बिनपगारी रजा मंजूर’ असे लेखी घ्या. बिनपगारी रजा आणि गैरहजेरी यांत पगाराचा फरक पडत नाही, पण पुढे अनुभवाचा दाखला मागायला जाल तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

७. रजेचे दिवस रजेसारखे घालवा

दुपारी दोन वाजता, ओव्हरची वेळ झाली की मन वॉर्डात जाते. कोण थांबले असेल, बेड ७ चा रिपोर्ट आला असेल का, मेट्रन काय म्हणाल्या असतील. मोबाइल हातात घेऊन ग्रुप उघडला की कोणीतरी ‘आज पुन्हा आम्ही दोघीच’ असे लिहिलेले असते, आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटून रडू येते. ग्रुप बंद करून ठेवा. संध्याकाळी एका मैत्रिणीला एक फोन करून काही राहिले असेल तर सांगा आणि तेवढ्यावर थांबा.

त्या पावसाळ्यात माझा डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी सकाळी ताप पूर्ण उतरला, आणि मी लगेच गणवेशाला इस्त्री करून ठेवली, कारण चार दिवस घरी बसल्याचे ओझे मला सहन होत नव्हते. त्या दिवशी रक्त तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. प्लेटलेट आदल्या दिवसापेक्षा कमी झाल्या होत्या. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत जपण्याचे असतात, हे मी परीक्षेत लिहिले होते, रुग्णांच्या नातेवाईकांना शेकडो वेळा सांगितले होते, आणि स्वतःवर वेळ आल्यावर मात्र साफ विसरले होते. इस्त्री केलेला गणवेश आणखी आठवडाभर खुर्चीवर तसाच राहिला. त्यामुळे सांगते, ताप गेल्याच्या आनंदात परतण्याची तारीख स्वतः ठरवू नका; ती डॉक्टरांना ठरवू द्या. डेंग्यू, विषमज्वर, चिकुनगुनिया यांनंतरचा थकवा काही आठवडे टिकतो.

८. परतल्यावर

तंदुरुस्तीचा दाखला आणि रजेचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या आणि दोन्हींची पोच घ्या. पहिल्या आठवड्यात शक्यतो नाईट नको, अशी विनंती लेखी करा. मिळेलच असे नाही, पण मागितल्याशिवाय तर मुळीच मिळणार नाही. महिनाअखेर पगारपत्रक आले की रजेचे दिवस बरोबर लागले का, साप्ताहिक सुट्टीही रजेत मोजली गेली का, हे नियमांशी ताडून पाहा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात ईमेलने कळवा.

ज्या मैत्रिणीने तुमच्या जागी डबल केली तिला जाऊन भेटा. मी परतले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. मी माफी मागत बसले नाही. ‘तू त्या रात्री थांबलीस, तुझी बस चुकली हे मला कळले, तुला पुढच्या महिन्यात कोणती तारीख हवी असेल ती सांग’ एवढे म्हणाले. तिने मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची तारीख सांगितली आणि मी ती ड्युटी घेतली. तोवर माझ्या अंगात ताकद आलेली होती.

९. पुढे फोन तुम्हाला येईल तेव्हा

वर्षभरात तुम्ही जुन्या व्हाल, आणि एखाद्या पहाटे नव्या मुलीचा फोन तुमच्याकडे येईल. आवाज बसलेला असेल आणि ती आधीच चार वेळा ‘सॉरी सिस्टर’ म्हणालेली असेल. तिला तीन गोष्टी विचारा: ताप किती आहे, सोबत कोणी आहे का, आणि कोणत्या रुग्णाचे काय राहिले आहे. उत्तरे लिहून घ्या, दुपारी डॉक्टरांनी काय सांगितले ते कळवायला सांगा, आणि फोन ठेवून रोस्टर हातात घ्या.